नांगर सोडला, पण पाय कुठे ठेवायचा?

जमीन घट्ट झाली की आपण म्हणतो, नांगर फिरवा. मग ज्यांनी नांगरच सोडला, त्यांनी घट्ट जमिनीचं काय केलं? आज आम्ही तो इतिहास सांगणार आहोत.

लोखंडी नांगर आपल्याकडे तसा अलीकडचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो 1903 मध्ये बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष कालवेल म्हणून शेतकरी घेईनात! पुढे तो रुळला, मागून ट्रॅक्टर आला. वरची माती भुसभुशीत झाली, पण खाली फाळाच्या घासण्याने आणि चाकांच्या वजनाने कडक थर बसत गेला. मुळं तिथे आडवी वळतात. भातात तर हा थर आपण चिखलणी करून मुद्दाम बसवतो. पाणी टिकतं खरं, पण भातामागच्या हरभऱ्याला तोच नडतो.

अमेरिकेत केंटकी राज्यात हॅरी यंग यांनी 1962 मध्ये एकरापेक्षा लहान तुकड्यात न नांगरता मका घेतला. ब्राझीलच्या पाराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ यांची माती पावसात वाहून जात होती. त्यांनी 1972 मध्ये सोयाबीन तसंच पेरलं. पण नांगर गेला तरी यंत्रांची चाकं राहिलीच. दाबणारं आहे आणि मोकळं करणारं कोणी नाही, अशी गत. तेव्हा चारामुळ्यासारखी खोल मुळांची पिकं मधे घेऊ लागले. मूळ कुजलं की भोक उरतं. त्यातून पाणी, गांडूळ आणि पुढच्या पिकाचं मूळ खाली उतरतं. शिवाय चाकं दरवर्षी एकाच वाटेने न्यायची, म्हणजे बाकीचं रान दबत नाही.

आपल्या रायगडात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी 2011 च्या सुमारास भातासाठी सगुणा तंत्र उभं केलं. त्यातही हेच दिसतं. गादीवाफे एकदाच करायचे, साडेचार फुटांवर सरी. साच्याने भोकं पाडून बी टोकायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. चालायचं ते सरीतून, वाफ्यावर पाय नाही. चिखलणी गेली, लावणीही गेली. दिवसभर ओणवं राहणं सुटलं. तणनाशकावरची मदार मात्र आम्हाला खटकते. आणि जिचं घर लावणीच्या मजुरीवर चालतं, तिने कंबर वाचली म्हणून आनंद मानायचा का? आमच्या बैठकीत यावर अजून एकमत नाही.

ज्यांना करून बघायचंय त्यांनी वाफे पाडण्याआधी, जमीन वाफशावर असताना, एक सळई हाताने दाबत न्यावी. वीतभर खाली ती अचानक अडली तर कडक थर तिथे आहे. तो एकदा फोडून घ्यावा, मगच नांगर सोडावा. नंतर ओल्या रानात कापणीचं यंत्र घालू नये; भाडं ठरवताना तारखेआधी वाफसा बघा. कापणी झाली की गावची गुरं सुटतात, त्यांचे खूरही ओल्या वाफ्यावर तेवढेच रुततात. तेव्हा राखण कोण करणार, तेही आधीच बोलून घ्या.