शब्दवेध : चेक
फारसीतील 'शाह', म्हणजे राजा, हा शब्द अरबी, लॅटिन व जुन्या फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत 'चेक' होऊन उतरला, आणि बुद्धिबळातील राजाला दिलेल्या शहावरून अटकाव व अटकावावरून पडताळा असा त्याचा अर्थविस्तार झाला. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचे खजिनदार सुमारे १० फूट लांब व ५ फूट रुंद मेजावर रेघांचे काळे कापड अंथरून, त्यावर सोंगट्या सरकवीत, शेरीफांकडून वसुलीचा हिशेब घेत. त्या पटसदृश मेजावरूनच दप्तराला 'एक्सचेकर' हे नाव पडले. किती विलक्षण हा प्रवास! बँकेचा चेक म्हणजे मुळात लबाडी ताडण्यासाठी राखलेली स्थळप्रत. आपला 'शह'ही त्याच शाहाचा. फक्त तो फारसीतून थेट आला.