बीथोवनच्या सिम्फनीतला तुर्की ढोल

बीथोवनची नववी सिम्फनी मानवी बंधुत्वाचे गाणे म्हणून जगभर गाजते. तिच्या शेवटच्या भागात समूहगान शिगेला पोहोचते आणि एकदम थांबते. मग खर्जातल्या बासूनबरोबर मोठा ढोल हळूच ठेका धरतो, झांजा आणि ट्रँगल येतात, फौजी चाल सुरू होते. १८२४ साली व्हिएन्नाच्या श्रोत्यांना ही चाल कोणाची ते सांगावे लागत नव्हते. ती उस्मानी फौजेच्या वाद्यमेळ्याची, म्हणजे मेहतेरची आठवण होती. (शब्द फारसी, मूळ अर्थ 'अधिक मोठा'. आपल्याकडे तो कोणाला चिकटवला गेला, ते वाचकांना ठाऊक आहे.) त्यातली नक्कारे आणि झुरना ही आपल्या नगारा-सनईचीच भावंडे.

१६८३चा व्हिएन्नाचा वेढा फसला, हळूहळू तुर्कांची भीती ओसरली आणि त्यांच्या वाद्यांची फॅशन आली. मोत्सार्टने १७८२च्या ऑपेरात ती वापरली, हायडनने १७९४च्या 'मिलिटरी' सिम्फनीत.

हा इतिहास वादकाच्या थेट हातात उतरतो. तुर्की दावुल एका हाताने जाड टिपरूने आणि दुसऱ्या हाताने बारीक छडीने वाजवतात. मोत्सार्टच्या स्वरलिपीत ढोलाच्या सुरांना वर आणि खाली असे दोन्हीकडे देठ आहेत, ते या दोन हातांसाठी. पुढे ऑर्केस्ट्रातला ढोल अवाढव्य झाला, मऊ टोकाचा एकच दांडा उरला आणि छडीचा 'चट्' गेला. जुन्या वाद्यांवर वाजवणाऱ्यांनी तो परत आणला. लयीचेही तसेच. नवव्या सिम्फनीतल्या या चालीवर मिनिटाला ८४ ठोक्यांचा आकडा आहे. रॉजर नॉरिंग्टन यांनी १९८७च्या ध्वनिमुद्रणात तो अक्षरशः पाळला, तेव्हा धावती चाल ऐकून सरावलेले लोक चक्रावले. आकडाच चुकीचा छापला गेला, असे मानणारेही आहेत.

'बघा, बीथोवनमध्येही आपण आहोत', असे म्हणायचा मोह मला होतो, पण तो आवरलेला बरा. मेहतेर मकाम आणि उसूलवर चालते, त्यात युरोपीय हार्मनी नसते. व्हिएन्नाने लिहिले ते आपल्या कल्पनेतले तुर्क, आणि मोत्सार्टच्या त्याच ऑपेरातला पहारेकरी उस्मिन हे त्या कल्पनेचे कुरूप रूप आहे.

खरे मेहतेर ऐकून लय ठरवावी, तर तीही सोय नाही. १८२६ साली सुलतान महमूद दुसरा याने जानिसारी फौज मोडली, तिच्यासोबत मेहतेरही बंद केले आणि १८२८ साली इटलीहून जुझेप्पे दोनिझेत्ती याला दरबारी बँड उभा करायला आणले. आज इस्तंबूलमध्ये वाजते ते मेहतेर विसाव्या शतकात पुन्हा घडवलेले. दावुलची ती छडी मात्र व्हिएन्नाच्या कागदावर, उलट्या देठाच्या सुरांत, राहून गेली.