बर्फावरच्या उन्हाचा हिशोब

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावहून आम्ही बोलतोय. हळद शिजवून वाळत घातली की ऊन किती आहे ते आमच्या तळपायांना कळतं. काळ्या रानात अनवाणी पाय ठेवता येत नाही, चुना मारलेल्या माळवदावर ठेवता येतो. ऊन तेच, काळी माती ते पिऊन घेते, चुना माघारी धाडतो.

ध्रुवाकडचा बर्फ तर चुन्याच्याही पुढचा. ताज्या बर्फावर शंभर भाग ऊन पडलं, तर ऐंशीच्या वर परत आभाळात जातं. म्हणूनच तिकडं उन्हाळ्यात सूर्य मावळत नसला तरी बर्फ टिकतो. वितळून खालचा काळा खडक उघडा पडला की मात्र गणित उलटतं.

मोजायचं कसं? काचेच्या छोट्या घुमटाखाली काळी चकती असते. ती तापली की किंचित वीज तयार होते, तीवरून ऊन कळतं. एक यंत्र आभाळाकडं तोंड करून, दुसरं बर्फावर पालथं. आपल्या बचत गटाच्या वहीसारखंच: जमा, खर्च, शिल्लक. पण बर्फ स्वतःही रात्रंदिवस न दिसणारी उष्णता सोडत असतो. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की रात्री जास्त गारठतं आणि ढग आले की गोधडी पांघरल्यासारखं होतं, ते याच उष्णतेमुळं. तिला वेगळं यंत्र लागतं.

आपल्या देशात उन्हाचं हे मोजमाप बसवलं अण्णा मणी यांनी. नाव ऐकून आम्हाला आधी पुरुषच वाटला! त्या केरळच्या, जन्म १९१८ चा. आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या नको म्हणाल्या, ज्ञानकोश मागितला. पुढं सी. व्ही. रामन यांच्याकडं हिऱ्यांवरच संशोधन केलं, तरी एम.एस्सी. नाही म्हणून विद्यापीठानं डॉक्टरेट दिली नाही. १९४८ मध्ये त्या पुण्याला हवामान खात्यात आल्या. तेव्हा यंत्रं परदेशातून यायची. त्यांनी शंभरेक यंत्रांचे नकाशे पक्के केले आणि ती इथंच बनवायला लावली. १९५७-५८ मध्ये जगभरच्या शास्त्रज्ञांनी एकाच वेळी पृथ्वी मोजायला घेतली. बारा देश अंटार्क्टिकावर ठाणी टाकून बसले. आपण तिथं नव्हतो, पण त्याच काळात मणीबाईंनी भारतभर ऊन मोजायची केंद्रं उभी केली. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असं त्यांचं मत होतं.

आपलं जहाज गोव्याहून निघालं ६ डिसेंबर १९८१ ला आणि ९ जानेवारी १९८२ ला माणसं बर्फावर उतरली. हवामान खातं पहिल्या मोहिमेपासून सोबत होतं. बाया मात्र तिसऱ्या मोहिमेत, १९८३ मध्ये गेल्या: नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता. त्याच मोहिमेत बर्फावर बांधलेलं 'दक्षिण गंगोत्री' ठाणं काही वर्षांत बर्फानंच गिळलं. म्हणून १९८९ मध्ये 'मैत्री' खडकावर उभं राहिलं. आता खडकावरचा आकडा काही बर्फाचा होत नाही. बर्फाचा हवा तर यंत्र बर्फावरच न्यावं लागतं. आणि काचेवर हिमाचे कण साचले की सगळाच हिशोब चुकतो. तिथल्या वाऱ्यात कुणीतरी बाहेर जाऊन ती काच पुसावी लागते.