साथीपासून मध्यवर्ती स्थानापर्यंत : बंगळुरूचे ‘कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन’

बंगळुरू येथील ‘कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन’ ही कर्नाटक संगीतातील तालवाद्यांचे शिक्षण देणारी संस्था मृदंगमवादक टी. ए. एस. मणी यांनी १९६४ मध्ये स्थापन केली. याच नावाच्या वाद्यवृंदाने पुढे दक्षिण भारतीय तालपद्धती आणि पाश्चात्त्य जाझ यांचा मेळ घातला. मणी यांच्या पत्नी, गायिका आणि रचनाकार आर. ए. रमामणी या वृंदाच्या प्रमुख गायिका होत.

कर्नाटक संगीताच्या मैफलीत तालवादकाचे स्थान मुख्यतः साथीदाराचे असते. ‘तनि आवर्तनम्’ या भागातच त्याला स्वतंत्र वादनाची संधी मिळते. या वृंदाने मात्र मृदंगम, घटम, खंजिरा आणि मोरसिंग यांना रचनेच्या केंद्रस्थानी आणले.

या वादनाचा पाया ‘कोन्नक्कोल’, म्हणजे तालाचे बोल मुखाने म्हणण्याची कला, हा आहे. ‘तकिट’ हा तीन मात्रांचा, तर ‘तकधिमि’ हा चार मात्रांचा गट. दोन्ही जोडले की सात मात्रांची मिश्र जाती सिद्ध होते. आठ मात्रांच्या आदितालावर पाच-पाच मात्रांचे गट मांडत गेल्यास ४० मात्रांनंतर, म्हणजे पाच आवर्तने पूर्ण होताच, दोन्ही चक्रे पुन्हा समेवर भेटतात. लयीचे हे गणित समजण्यासाठी भाषेचा अडसर येत नाही. त्यामुळे परदेशी वादकांशी संवादाचे ते स्वाभाविक माध्यम ठरले.

या संवादातील महत्त्वाचा टप्पा म्हणजे अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो (१९२३–२००९) यांचे सहकार्य. चार्ल्स मिंगस यांच्यासमवेत वादन केलेल्या मारियानो यांनी नागस्वरमचाही अभ्यास केला होता. १९८३ मध्ये ‘ईसीएम’ या जर्मन ध्वनिमुद्रण संस्थेने त्यांचा आणि या वृंदाचा ‘ज्योती’ हा संग्रह प्रकाशित केला. त्यात रमामणी यांचे गायन, मणी यांचे मृदंगम, आर. ए. राजगोपाल यांचे घटम व मोरसिंग आणि टी. एन. शशिकुमार यांचा खंजिरा आहे. तत्पूर्वी, १९८२ मध्ये, ‘डिसिडेंटन’ या जर्मन वाद्यवृंदाच्या ‘जर्मनिस्तान’ या संग्रहातही बंगळुरूच्या या कलावंतांचा सहभाग होता.

जाझमध्ये स्वरसंवाद्यांची, म्हणजे एकाच वेळी उमटणाऱ्या अनेक स्वरांची, चौकट असते. रागसंगीतात एका षड्जाच्या आधारावर सुरावट विस्तारते. ‘ज्योती’मध्ये पियानो किंवा गिटार नाही. त्यामुळे गायन आणि सॅक्सोफोन यांना एकाच रागभूमीवर उत्स्फूर्त विस्तार करता येतो आणि तालवाद्ये त्यात बरोबरीने बोलतात. आपल्या परंपरेचे व्याकरण न सोडता परक्या संगीताशी नाते जोडता येते, हे या वृंदाने प्रत्यक्ष वादनातून दाखवून दिले. साथीदार मानल्या गेलेल्या वादकाला समान भागीदाराचे स्थान मिळाले, हे या प्रयोगाचे मोल होय.