मासळीवांचूनचा किनारा

किनारा म्हटला कीं कोळीवाडा, होड्या आणि वाळत घातलेलीं जाळीं हेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. समुद्रापासून कित्येक कोस दूर, बुलढाणा जिल्ह्यांत लोणार येथें मात्र असा एक किनारा आहे कीं, ज्यानें गांव पोसलें तें मासळीवर नव्हे, क्षारावर. त्या उग्र पाण्यांत मासे जगतच नसत.

उन्हाळ्यांत तळें आटूं लागलें म्हणजे कडेच्या चिखलावर क्षाराचे थर धरत. मजूर ते काढून सुकवीत. प्रतीप्रमाणें त्यांस डल्ला, खप्पल, पापडी, भुसकी अशीं नांवें होतीं. एकाच तळ्याच्या क्षाराला इतकीं नांवें ठेवणाऱ्या लोकांची नजर किती सूक्ष्म असली पाहिजे! सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलनें 'ऐन-इ-अकबरी'त नोंदून ठेविलें आहे कीं, कांच व साबण यांना लागणारें द्रव्य येथें मिळतें आणि त्यापासून सरकारास चांगलें उत्पन्न होतें. म्हणजे भूगर्भशास्त्रज्ञांच्या आधीं लोणार ओळखलें तें वसुली कारकुनांनीं.

भाविकांची ओळख त्याहून जुनी. लवणासुराला विष्णूनें येथें मारिलें अशी कथा आहे, आणि गांवांतलें दैत्यसूदनाचें कोरीव मंदिर तिची साक्ष देतें. असुर गेला, त्याच्या नांवांतलें लवण तेवढें मागें राहिलें.

1823 सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें हें स्थळ पाहिलें. पुढें बराच काळ विद्वान् यास ज्वालामुखीचें मुख समजत. परंतु हा सुमारें 1.8 किलोमीटर रुंदीचा खळगा अशनिपातानेंच झाला, हें 1973 सालीं खडकांच्या परीक्षणावरून ठरलें. काळ्या बसाल्टांतलें असें विवर पृथ्वीवर विरळा, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारेही इकडे वळले. वयाविषयीं मात्र एकमत नाहीं; कोणी बावन्न हजार वर्षें म्हणतात, कोणी पांच लाख सत्तर हजार.

2020 च्या जूनमध्यें पाणी गुलाबी झालें. मिठांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग, असें पुण्याच्या आघारकर संस्थेनें सांगितलें. त्याच वर्षीं लोणारची गणना रामसर पाणथळांत झाली. परंतु हे जीव क्षारावर जगतात, आणि तळ्यांत गोडें पाणी व गांवचें सांडपाणी उतरत गेलें तर तो क्षारच पातळ होणार. अन्यत्र मासळी नाहींशी झाली म्हणजे कोळी धास्तावतो. येथें ती दिसूं लागली तर घाबरण्याची पाळी आपली.

कड्याच्या कुशींत गोड्या पाण्याची धार अखंड वाहते. तिच्याखालीं यात्रेकरू स्नान करितात, आणि त्यांच्या अंगावरून ओघळलेलें पाणी उतारानें खालीं त्याच तळ्याकडे जातें.