चौकातून कागदावर
वसई-विरारच्या प्रदर्शनात वारली चित्राची फ्रेम दिसली की बाजाराने कला बाटवली, असे म्हणणारे भेटतातच. पुरावा इतका सरळ नाही. लग्नाचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर लिहीत, मधोमध पालघट देवी; तो विकायचा नसेच. 1970च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी कागद पुरवला, गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी तो भरला, आणि चित्राला गिऱ्हाईक मिळाले. यात बायकांची विद्या पुरुषांच्या पोटापाण्याला लागली, हा आक्षेप मात्र खरा. म्हशे यांच्या 2011च्या पद्मश्रीनेही तो मिटत नाही. पण कागदाला विधीचे बंधन नव्हते, म्हणूनच पेरणी, मासेमारी, तारपा नाच तिथे मोकळे पसरले. चौक लग्नघरी आजही लिहिला जातो.