बाज उचलणारे चौघे आणि चाकाची खुर्ची



मार्काच्या शुभवर्तमानात कफर्णहूमच्या चौघांची गोष्ट आहे. पक्षघाती माणसाला त्यांनी बाजेसह आणले. दारात गर्दी होती, म्हणून छप्पर उसकटून त्याला प्रभूपुढे खाली सोडले. अडचण त्या माणसात नव्हती, वाटेत होती, हे त्या चौघांनी ओळखले. चाकाच्या खुर्चीचा इतिहासही असाच वाटेचा इतिहास आहे.

1930च्या दशकात अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट यांनी आपले इंजिनिअर मित्र हॅरी जेनिंग्ज यांच्यासह नळ्यांची, घडी होणारी खुर्ची बनवली. एव्हरेस्ट स्वतः खाणीतल्या अपघाताने अपंग झाले होते. तीच घडण जगभरच्या दवाखान्यांत पोहोचली. फरशीवर ती छान चालते. पण पावसाळ्यात आपल्या भेस्तानच्या एखाद्या कच्च्या गल्लीत नेली, तर पुढची लहान चाके चिखलात रुततात.

1980 साली राल्फ हॉचकिस निकाराग्वात गेले. ते स्वतः खुर्चीवर होते. तिथे चार तरुण एकच खुर्ची आळीपाळीने वापरताना त्यांना दिसले. गावातल्या वर्कशॉपमध्ये बनेल आणि तिथेच दुरुस्त होईल अशी खुर्ची घडवण्यात त्यांनी पुढे आयुष्य घातले.

डॉन शोएनडॉर्फर या ख्रिस्ती इंजिनिअरने मोरोक्कोत एका स्त्रीला धुळीच्या रस्त्यावरून सरपटत जाताना पाहिले होते. बऱ्याच वर्षांनी त्यांनी प्लास्टिकच्या साध्या खुर्चीला सायकलची जाड चाके जोडली. 2001 साली त्यांच्या पहिल्या काही खुर्च्या आपल्याच देशात, चेन्नईत आल्या. पुढे त्यांच्या संस्थेने 10 लाखांहून अधिक खुर्च्या मोफत दिल्या.

पण सुरुवातीची खुर्ची एकाच मापाची होती आणि माणसे काही एका मापाची नसतात. ज्याच्या कमरेखाली संवेदना नाही, त्याला चुकीच्या बैठकीने जखमा होतात, आणि त्या जिवावरही बेतू शकतात. म्हणून पुढे वेगवेगळ्या मापांच्या खुर्च्या आल्या. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2008च्या मार्गदर्शिकेत खुर्ची माणसाला आणि त्याच्या परिसराला जुळावी, असे सांगितले.

एमआयटीच्या अमोस विंटर यांनी दांड्याने पुढे ढकलायची खुर्ची बनवली. दांडा वर धरला की चाकाला जोर जास्त मिळतो, खाली धरला की वेग मिळतो. आतले भाग सायकलचे, म्हणून कुठेही मिळणारे. पण वापरणाऱ्यांनी सांगितले, ‘ही जड आहे, घरात मावत नाही.’ त्यांचे ऐकून ती हलकी आणि अरुंद केली गेली. तिची चाचणी ‘जयपूर फूट’वाल्या संस्थेबरोबर भारतातही झाली.

आपल्या मराठी मुलखात कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी स्वतः खुर्चीवर बसून 1984 साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांच्या आत्मकथनाचे नावच ‘चाकाची खुर्ची’ आहे. खुर्चीवरचा माणूस केवळ घेणारा नसतो, हे त्यांनी दाखवून दिले.

आंधळ्या बार्तीमयाला काय हवे, हे प्रभूला ठाऊक नव्हते काय? तरीही त्याने आधी विचारले. आपली मंडळी कुणाला खुर्ची देणार असेल, तर आधी त्याच्या घरी जाऊ या. दाराची रुंदी, संडासची वाट, बसण्याचे माप पाहू या. पंक्चर कोण काढणार, तेही ठरवू या. आणि मंदिराच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधू या: 1 फूट उंचीला 12 फूट लांबीचा. दानाचा फोटो काढण्याआधी एवढे तरी होऊ दे.

प्रभू आपल्याला त्या चौघांचे डोळे आणि खांदे देवो. आमेन.